फाटकापासून दारापर्यंत

४ जानेवारी

भिंगरे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू म्हणाली असशील, याला फोन करायला काय झालं. पण फोनवर माझा निम्मा वेळ "काय म्हणालीस?" विचारण्यात जातो आणि उरलेला निम्मा तुझा ओरडण्यात. जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुझं संग्रहालय उभं राहतंय. शाळेच्या मैदानाला लागून लाकडाचं जुनं गोदाम होतं ना, तेच घेतलंय. आतून सगळं मोकळं केलं, भिंती खरवडल्या, छपराला काचा बसवल्या. दुपारी आत गेलं की जमिनीवर उन्हाच्या वह्या उघडून ठेवल्यासारखं दिसतं. खाली तुझी दालनं: पदकं, फोटो, तू परदेशातून आणलेले झेंडे. वर सभागृह. मागे वाचनालय, आणि एक लांबट खोली, तिथे संध्याकाळी गाणं, नाच आणि नाटकाच्या तालमी चालतील. संचालकबाई म्हणतात, "सर, पदकं बघायला माणूस एकदा येतो, गाण्याला पुन्हा पुन्हा येतो." वयाने आपल्या मुलांएवढ्या आहेत, पण बोलतात ते पटतं. फाटकावर मोठी धातूची अक्षरं येणार आहेत: भिंगरी स्मृतिभवन. तुझं कागदोपत्री नाव कुणी सुचवलंसुद्धा नाही. या गावात ते कुणाला माहीत आहे?

मलाही समितीवर घेतलंय. जन्मभर पोरांना कविता शिकवल्याचा हा शेवटी झालेला उपयोग. माझ्याकडे दोन कामं आहेत. एक म्हणजे, आपली लहानपणीची खोली मी आठवून सांगायची, ते ती तशीच्या तशी उभी करणार. मी डोळे मिटले आणि सांगत गेलो: पूर्वेची खिडकी, तिला निळा पडदा, त्यातून गाळून आलेलं कोवळं ऊन आणि त्या उन्हात झोपलेली तू. सुतार लिहून घेता घेता थांबला. म्हणाला, "मास्तर, मापं पण सांगा."

दुसरं काम प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी लिहिण्याचं. तुझ्या बुटांखाली (फोटो सोबत आहे) हे दिलंय:

बूट नव्हते, दोन होती पाखरे पायांतली;
धाप लागे त्या हवेला, पावले ना थांबली.

कसं वाटतं?

उद्घाटन अठरा एप्रिलला आहे. सात वर्षं झाली तू इकडे फिरकली नाहीस. पूर्वी मी तुझ्याकडे येत होतो, आता माझ्याच्याने एवढा प्रवास होत नाही. मला बाकी काही नको. तू त्या दारातून आत यावीस आणि मी तिथे उभं राहून बघावं, एवढंच. या वयात माणसाच्या मागण्या कमी होतात, पण उरतात त्या फार हट्टी असतात.

तुझा,
दादा

---

१५ जानेवारी

दादा,

पत्र पोचलं. सूनबाईने विचारलं, "मामांनी काय लिहिलंय, एवढ्या हसताय?" मी म्हटलं, मला मारून टाकलंय.

स्मृती मेलेल्यांची असते रे. मी आज सकाळी दोनदा चहा घेतला, वर्तमानपत्रवाल्याशी भांडले आणि भांडणात जिंकले. मेलेली माणसं यातलं काही करत नाहीत. तो शब्द आधी काढायला सांग.

आता तुझी खोली. खिडकी पूर्वेला नव्हती, पश्चिमेला होती. कोवळं ऊन कुठून आणलंस? चार वाजता तिथे भट्टी पेटायची. पडदा नव्हताच, आई जुनी चादर खिळ्याला अडकवायची आणि तिचा रंग कोणता होता ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि उन्हात झोपलेली मी कुठली? पलंग एक होता, त्यावर तू झोपायचास. मी खाली. माझ्या अंगावर ऊन नाही, तुझी पुस्तकं पडायची.

फोटो पाठवलास त्यातले बूट माझे नाहीत. एवढीशी पावलं माझी कधी नव्हती. विसरलास? माझे बूट तुला बरोबर व्हायचे आणि स्नेहसंमेलनाला तू तेच घालून कविता म्हणायला उभा राहायचास. आणि त्या ओळी. काचेच्या कपाटात बूट ठेवायचे आणि खाली लिहायचं 'बूट नव्हते'? बघणारा म्हणेल, मग हे कोणाचे?

येण्याचं बघू. आत्तापासून काय सांगणार.

बरं, सहज विचारते. फाटकापासून आतल्या दारापर्यंत साधारण किती अंतर पडतं? रस्ता सपाट आहे की चढ आहे? दाराशी पायऱ्या आहेत का?

वहिनीला माझा नमस्कार सांग. तिचा खोकला कसा आहे?

भिंगरी

---

२७ जानेवारी

भिंगरे,

वहिनीचा खोकला गेला. आता ती खोकल्याशिवाय बोलते, त्यामुळे जास्त बोलते.

तुझं पत्र मी समितीत वाचून दाखवलं. 'मला मारून टाकलंय' इथे सगळे हसले, संचालकबाई सोडून. कारण अक्षरं आदल्या दिवशीच फाटकावर बसली होती. 'स्मृति' काढलं तर मधे हे एवढं भगदाड. 'भिंगरी', मग मोकळं आभाळ, मग 'भवन'. मला तर ते तसंच आवडलं होतं. त्या मोकळ्या जागेतून मागचं झाड दिसतं. पण बाई म्हणाल्या, "सर, लोकांना वाटेल अक्षरं चोरीला गेली." शेवटी तिथे धातूची एक धावणारी मुलगी बसवली. छान दिसते. लांबून वाटतं, भिंगरीकडून निघालीय आणि भवनात शिरतेय.

खिडकी पश्चिमेला नेली. सुताराने ठोकताना आवाज जरा जास्त केला. पलंगावर आता माझं नाव लागणार आणि खाली तुझी चटई. पडद्याच्या रंगावर मी अजून अडून बसलोय. तो निळाच होता गं. मला अजून दिसतो.

फाटकाच्या आत तुझा पुतळाही आलाय. फोटो सोबत जोडलाय.

आता मुख्य गोष्ट. तू अंतर विचारलंस, चढ विचारलास, पायऱ्या विचारल्यास, तेही 'सहज' म्हणून. पण मी तुझा भाऊ आहे. तुझ्या मनात काय आहे ते मी त्या ओळीवरच ओळखलं. लहानपणापासून कुठलंही मैदान दिसलं की तू आधी हेच विचारायचीस. पत्र हातात घेऊन तसाच गोदामावर गेलो, सुताराला टेप धरायला लावली आणि स्वतः मोजलं. शाळेच्या मैदानाची लांब बाजू असेल तेवढं अंतर आहे. दोन्हीकडे झाडं. अगदी हलका चढ, बोलता बोलता चढून जावा असा. शेवटी चार रुंद पायऱ्या. तुला काहीच नाही.

मी समितीला सांगून टाकलं: आमची भिंगरी फाटकापासून धावत येणार आहे.

काय सांगू त्या खोलीत काय झालं ते. बाई उठून उभ्या राहिल्या. खजिनदार, जे कधीच कशाला हो म्हणत नाहीत, ते म्हणाले, "मग बँड हवा." बँड ठरला. शाळेची मुलं दोन्ही बाजूंना झाडांखाली उभी राहणार. निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या, त्यात ठळक अक्षरांत आहे: 'भिंगरीचे धावत आगमन'. सत्तरी ओलांडलेली बाई आपल्याच घरात धावत शिरतेय, यापेक्षा सुंदर कडवं मला सुचलं नसतं. ते तूच सुचवलंस.

तुझा,
आनंदाने वेडा झालेला दादा

---

२ मार्च

दादा,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

एप्रिलमध्ये मला जमणार नाही. घराला रंग द्यायचाय, सगळं सामान मधल्या खोलीत आणलंय, सूनबाईला एकटीला उरकणार नाही. शिवाय एप्रिलमध्ये इथे फार थंडी असते, त्यातून निघून तुमच्याकडच्या उकाड्यात आले तर मला बाधेल. शिवाय नातवाची परीक्षा आहे.

आणि त्या पुतळ्याचं नाक माझं नाही. असलं नाक घेऊन मी धावले असते तर नाकाने आधी रेषा गाठली असती.

पत्रिका पुन्हा छापून घ्या. उद्घाटन माझ्याशिवाय करा. चांगलं होईल.

भिंगरी

---

९ मार्च

भिंगरे,

पत्र वाचून मी बराच वेळ मागच्या ओट्यावर बसून होतो. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अर्थ तोच निघाला.

रंगाचं म्हणशील तर तुझ्या घराला रंग गेल्या वर्षी दिलाय. तूच कळवलं होतंस, पोपटी निघाला म्हणून तू सुताराला, नव्हे, रंगाऱ्याला रागावली होतीस. थंडीचं म्हणशील तर वर्तमानपत्रात तुमच्याकडचं तापमान मी रोज बघतो, उगाच, तू कशी असशील म्हणून. तिथे एप्रिलमध्ये माणसं पंख्याखाली बसतात. आणि नातवाची परीक्षा? तो नोकरीला लागल्याचे पेढे नाही तर निदान बातमी तरी तूच पाठवली होतीस ना? नोकरीत कसली परीक्षा?

नाकाचं मात्र तुझं बरोबर आहे. मूर्तिकाराला बोलावून थोडं तासून घेतलं. आता बरंच तुझं दिसतं.

म्हणजे सगळ्या अडचणी दूर झाल्या आणि तरीही तू येणार नाहीस. मग कारण काय? माझ्या ओळी आवडल्या नाहीत का? त्या मी काढतो. खरंच काढतो. बाईंनी तर निम्म्या आधीच काढल्यात. म्हणाल्या, "सर, लोकांना तारीख आणि ठिकाण हवं असतं." मी म्हटलं, लोकांना काय हवं ते लोकांना कुठे ठाऊक असतं. पण ते जाऊ दे. तुझ्यापुढे माझ्या ओळी काय आहेत.

मुलं रोज संध्याकाळी झाडांखाली रांगेत उभी राहून टाळ्यांचा सराव करतात. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. समितीलाही नाही. सांगायला तोंड उघडतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो.

एकदा नीट कळव. मला समजत नाही म्हणून विचारतो, रागावून नाही.

तुझा दादा

(याच पाकिटात एक वेगळा कागद)

वन्सं,

पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून हा कागद घालता येतोय. यांना माहीत नाही.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. हे वाचून दाखवतात ते निराळं आणि आपण वाचलं की निराळंच निघतं. अंतर किती, चढ आहे का, पायऱ्या आहेत का, हे धावणारं माणूस विचारत नाही. हे मी विचारते, कुठे लग्नाला जायचं झालं की. यांनी त्याचं एवढं मोठं स्वप्न करून बँडसुद्धा बोलावला. मी तेव्हाच बोलणार होते, पण माणूस एवढा खूश दिसत होता की माझी जीभ अडली.

गुडघे का? की कंबर? मला लिहा, नाहीतर यांना लिहा. पण लिहा. घरात हे कविता म्हणेनासे झालेत. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण नाही वाटत.

तुमची वहिनी

---

१७ मार्च

दादा,

वहिनीने तुझ्या पत्रात एक चिठ्ठी घातली होती. तिला रागावू नकोस. चाळीस पत्रं लिहिली असतीस तरी तू हे विचारलं नसतंस, तिने एका ओळीत विचारलं.

गुडघे. दोन्ही. दोन वर्षं झाली, शस्त्रक्रिया झाली, एक बरा झाला आणि दुसऱ्याने बरं व्हायचं नाकारलं. मी वॉकर घेऊन चालते, तो चार पायांचा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तर चहा गार होतो. तुला कळवलं नाही, कारण तुला कळवलं की तू त्यावर काहीतरी सुंदर लिहिणार आणि मला ते सोसलं नसतं.

एक सांगते. मागे बँकेत गेले होते. काउंटरवरचा माणूस माझं नाव वाचून उभाच राहिला. "तुम्ही त्या? धावणाऱ्या?" मी हो म्हटलं. त्याचा चेहरा असा उजळला. मग मी निघाले आणि त्याला वॉकर दिसला. दादा, त्याने मान खाली घातली. त्याची चूक झाल्यासारखी. त्याने मला दार उघडून दिलं आणि 'सावकाश जा' म्हणाला. मला आयुष्यात कोणी 'सावकाश जा' म्हटलेलं नव्हतं.

तिथे सगळ्या गावाच्या डोळ्यांत मी अजून पळतेय. तुझ्या तर जास्तच. तू मला अजून वेण्या उडवत जाताना बघतोस. त्या फाटकातून मी आत आले की तुम्ही सगळे तसेच मान खाली घालाल. बँकेतल्या माणसाचं मी सोसलं, तो कोण कुठला. तुझं नाही सोसणार.

म्हणून येत नाही. थंडीबिंडी काही नाही. इथे मरणाचा उकाडा आहे.

भिंगरी

---

२४ मार्च

भिंगरे,

वहिनी म्हणाली, "आता तरी कविता नको." म्हणून सरळ लिहितो.

काल समितीची बैठक बोलावली आणि सांगितलं की धावण्याचं मी माझ्या मनाने ठरवलं होतं, भिंगरीने तसं म्हटलेलं नव्हतं आणि तिला चालायलाही त्रास होतो. खजिनदार म्हणाले, "बँडला आगाऊ दिलेत." बाई त्यांच्याकडे नुसतं बघत राहिल्या, तेव्हा त्यांनी वही मिटली.

मग बाईंनीच वाट काढली. इमारतीच्या मागच्या अंगाला एक दार आहे. गाडी थेट तिथपर्यंत जाते. आत लगेच मोठी लिफ्ट आहे, ती सरळ सभागृहाच्या रंगमंचामागे उघडते. तू गाडीतून उतरायचं, लिफ्टमध्ये शिरायचं आणि पडद्यामागे खुर्चीत बसायचं. पडदा उघडेल तेव्हा तू बसलेली. वॉकर मी विंगेत धरून उभा राहीन. कार्यक्रम संपला की पडदा पडेल आणि त्याच वाटेने परत. कुणाला कळायचं कारण नाही. समितीतल्या प्रत्येकाने शब्द दिलाय. सुताराने तर न मागता दिला.

मी दारात उभं राहून बघण्याचं म्हटलं होतं, ते विसर. विंगेतून बघेन. तिथूनही दिसतं.

तू ये फक्त. कशीही ये.

दादा

ता.क. त्या दाराला रंग देऊन घेतोय. सध्या तिथून सामान चढवतात म्हणून जरा खरचटलंय.

---

३१ मार्च

दादा,

सामान चढवायचं दार.

पत्र वाचून मी सूनबाईला हाक मारली आणि विचारलं, "मी सामान आहे का गं?" ती घाबरली. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं.

तुझ्या मनात चांगलंच आहे, मला माहीत आहे. तुझ्या मनात कायम चांगलंच असतं, त्याचाच त्रास होतो. पण जरा विचार कर. माझ्या नावाचं भवन, फाटकावर माझं नाव, आत माझा पुतळा नाक तासून उभा, आणि मी मागून लिफ्टने चढायचं, कपाटासारखं? मी हरले आहे, पडले आहे, एकदा तर चुकीच्या रेषेत धावून बाद झाले आहे. पण पुढून गेले आहे. सगळ्यांच्या समोरून.

दोन दिवस नुसता संताप आला. तिसऱ्या दिवशी संताप कुणावर ते कळलं. तू जे दार दाखवलंस ते मी दोन वर्षं रोज वापरतेय. शेजाऱ्यांकडे जात नाही, बागेत जात नाही, पाहुणे यायच्या आत खुर्चीत बसून घेते आणि ते जाईपर्यंत उठत नाही. मी केलं तेव्हा ते शहाणपण वाटलं. तू कागदावर लिहिलंस तेव्हा कसं दिसतं ते दिसलं.

मी येते. फाटकातून. चालत. वॉकर घेऊन.

अटी ऐक. कुणी हात धरायचा नाही. कुणी 'सावकाश' म्हणायचं नाही. तू बरोबर चालायचं नाहीस, तू दाराशी उभा राहा, जिथे म्हणाला होतास तिथेच. रडायचं असेल तर आधी रडून घे. पायऱ्यांचं काहीतरी करावं लागेल, ते सुताराला विचार, तुला नको. आणि बँडवाल्यांना आत्ताच सांगून ठेव की त्यांना एक धून पुरणार नाही.

भिंगरी

---

२५ एप्रिल

भिंगरे,

तुझी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि वहिनी म्हणाली, "आता पत्र लिहायला बसाल." बसलो. तुला सगळं माहीतच आहे, पण तू समोर बघत होतीस. बाजूला काय चाललं होतं ते तुला कोण सांगणार?

तू उतरलीस तेव्हा टाळ्यांचा एवढा गजर झाला की झाडांवरचे पक्षी उडाले. मग तू वॉकर उघडलास. मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. तू म्हणालीस ती नजर होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याने बायकोकडे बघितलं आणि मान हलवली. पुष्कळ माना हलल्या. टाळ्या जरा ओशाळल्यासारख्या झाल्या. मला वाटलं, धावत जाऊन तुझ्यापुढे उभं राहावं आणि सगळ्यांना म्हणावं, जा घरी. वहिनीने माझा दंड असा धरला होता की अजून निळा आहे.

पण तू चालत राहिलीस. आधी वॉकर, मग एक पाय, मग दुसरा. टाळ्या वाजवणारे दमले, तू नाही दमलीस. हात दुखले म्हणून लोक थांबले, मग थांबलो याची लाज वाटून पुन्हा वाजवायला लागले. बँडची धून संपली. त्यांनी ती पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी त्यांच्या म्होरक्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ढोलवाल्याकडे बघून खूण केली आणि ढोल तुझ्या वॉकरच्या ठेक्यावर पडायला लागला. तू टेकवलास की ढोल. मुलांनीही टाळ्या त्यावर धरल्या. सगळा रस्ता तुझ्या चालीने चालायला लागला. तो उत्साही स्वयंसेवक अर्ध्या वाटेत खुर्ची घेऊन आला, तू त्याच्याकडे असं बघितलंस की तोच बसला. आणि तो शिंपी, मघाचा, टाचा उंचावून बायकोला सांगत होता, "अजून येतेय बघ. येतेय." मान कुणाचीच खाली नव्हती. खाली घातली तर दिसलं नसतं.

सुताराने केलेल्या लाकडी उतारावर तू चढलीस तेव्हा तो बाजूला उभा राहून फळ्यांकडे बघत होता, तुझ्याकडे नाही. वर पोचलीस तेव्हा त्याने घाम पुसला.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचे कागद खिशात परत घातले आणि म्हणाले, "आता मी काय बोलू?" आणि खरंच काही बोलले नाहीत. असा प्रमुख पाहुणा मी आयुष्यात दुसरा बघितला नाही.

मला मात्र एक बोलायचं आहे. लहानपणापासून मी तुझी पाठ बघत आलो. शाळेत जाताना, मैदानावर, स्टेशनवर. तू कायम पुढे आणि लांब लांब जाणारी. मला वाटायचं, तुला बघणं म्हणजे हेच. त्या दिवशी पहिल्यांदा तू माझ्याकडे येत होतीस. आणि इतकी हळू येत होतीस की मला पोटभर बघता आलं. तुझं नाक खरंच पुतळ्यासारखं नाही. कपाळ आईचं आहे. हे मला आजवर माहीत नव्हतं, तू थांबतच नव्हतीस.

मधे दोनदा तू थांबलीस आणि दोन्ही बाजूंच्या लोकांकडे डोळे भरून पाहिलंस, तेव्हा तुझं मन किती भरून आलं असेल, ते मी दारातूनही जाणलं. त्यावर काही ओळी झाल्या आहेत. विचारल्याशिवाय पाठवणार नाही.

संचालकबाई विचारतात, तो वॉकर पुढेमागे संग्रहालयाला मिळेल का? काचेच्या कपाटाचं माप घेऊन ठेवलंय त्यांनी.

रोज संध्याकाळी मागच्या खोलीत गाणं असतं. मी जातो. परवा मुली नाचाचा सराव करत होत्या.

तुझा दादा

---

३ मे

दादा,

नीट पोचले. सूनबाई म्हणते, मी इकडे आल्यापासून फार बडबडते. शेजारी जाऊन आले. त्यांच्याकडे तीन पायऱ्या आहेत, हे मला दोन वर्षांनी कळलं.

तुझं पत्र वाचलं. शिंप्याचं आवडलं. मान हलवली हे लिहिलंस, तेही बरं केलंस. तू ते गाळलं असतंस तर पुढचं काहीच मला खरं वाटलं नसतं.

आता तुझी चूक. मी दोनदा थांबले ते डोळे भरून बघायला नाही. दम खात होते. पहिल्यांदा डावा गुडघा म्हणाला, पुरे, आणि दुसऱ्यांदा दोन्ही म्हणाले. मान वळवून लोकांकडे बघितलं, कारण खाली बघून धापा टाकल्या असत्या तर तो खुर्चीवाला परत आला असता. त्यावरच्या ओळी पाठव. वाचून बघते, मला किती भरून आलं होतं ते.

बाईंना सांग, वॉकर मिळणार नाही. अजून वापरात आहे. कपाटात हवं तर खजिनदारांना ठेवा. सुताराला म्हणावं, उतार काढू नकोस, पण वरच्या टोकाची फळी जरा उचललीय, वॉकरचा पुढचा पाय अडतो. माझे चार पावलांचे श्वास तिथे गेले.

तसा माझा तो सगळ्यात संथ सामना. पहिली आले, पण दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून तो धरत नाही.

इथे आमच्या गल्लीच्या टोकाला एक दिव्याचा खांब आहे. रोज सकाळी तिथपर्यंत जाते आणि परत येते. पहिल्या दिवशी चारदा थांबले. काल दोनदा. वर्तमानपत्रवाला सायकल हातात धरून बरोबर चालतो आणि माझ्याशी भांडत राहतो, त्यामुळे वेग राहतो.

ऑक्टोबरमध्ये येते. या खेपेला पत्रिका नकोत, मुलंही नकोत. सुरुवातीची खूण म्हणून फाटकाशी खडूने एक रेघ मारून ठेव आणि तू वर दाराशी उभा राहा. या खेपेला थांबायचं नाही असं ठरवलंय. सूनबाईला अजून बोलले नाही. तूही बोलू नकोस.

भिंगरी